पुड्यात किती आणि पोटात किती?

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एरिथ्रोसिन नावाचा चेरीसारखा लाल रंग खाण्याच्या वस्तूंमधून काढून टाकायचा आदेश दिला. त्याआधी, मार्च २०२४ मध्ये, कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर आणि रंगीत 'बुढ्ढी के बाल'वर बंदी आणली होती. या दोन्ही बातम्या फिरत फिरत जळगाव-धुळ्याच्या मोबाइलवर पोचल्या, तोवर त्यांचा एकच निरोप झाला होता: 'रंगाने कॅन्सर होतो, पुढे पाठवा.' त्याच्याच मागोमाग वेफरच्या पुड्याचा फोटो, त्यावर लाल गोल करून दाखवलेले ६२१, ६२७, ६३१ हे चव वाढवणाऱ्या पदार्थांचे आकडे, आणि खाली 'हे विष तुमच्या घरात आहे'.

या सगळ्यात एक प्रश्न कोणी विचारत नाही: किती? पदार्थात अमुक आहे, हे कळणं सोपं. तो आपल्या पोटात रोज किती जातो, हे काढणं अवघड. आणि सुरक्षित की धोक्याचं, हे ठरतं ते या दुसऱ्याच आकड्यावर. हा आकडा कसा काढतात, तो कुठे कच्चा राहतो आणि खान्देशात तो जरा जास्तच कच्चा का आहे, ते बघू.

आधी, अ‍ॅडिटिव्ह म्हणजे कोण?

टिकावं, फुलावं, रंग यावा, गुठळी होऊ नये, तेल खवट होऊ नये, अशा कामासाठी पदार्थात मुद्दाम घातलेली वस्तू म्हणजे अ‍ॅडिटिव्ह. उडदाच्या पापडातला पापडखार हा अ‍ॅडिटिव्हच. भज्यातला सोडा, सरबतातलं लिंबूसत्त्व, तेही. पाकिटावर 'आयएनएस' लिहून पुढे जो आकडा असतो तो या वस्तूंचा जागतिक क्रमांक. खाण्याचा सोडा ५०० मध्ये मोडतो, लिंबूसत्त्व ३३०. म्हणजे आकडा दिसला की विष, असं काही नाही. आपली आजी चिमटीत धरून घालायची त्यालाही नंबर आहे.

उलट डाळीला पिवळी चमक आणणारा मेटॅनिल यलो, बुढ्ढी के बालमध्ये सापडणारा ऱ्होडामिन-बी, मिरची पुडीतला सुदान लाल, ही सरळ भेसळ. यांना खाण्यात परवानगीच नाही. यांच्या बाबतीत 'किती चालेल' हा हिशोब करायचाच नसतो. केळी पिकवायला लपूनछपून वापरतात ते कार्बाइडही बंदीतलंच, ते अ‍ॅडिटिव्ह नव्हे. जळगाव जिल्ह्यात राहून हे वेगळं सांगावं लागतं, कारण आमच्याकडे 'केमिकल' म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरलं जातं.

हा लेख परवानगी असलेल्यांबद्दल आहे.

'इतकं चालेल' हे ठरवतं कोण?

१९५६ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची एक संयुक्त तज्ज्ञ समिती हे काम करते. पद्धत थोडक्यात अशी. उंदरांना किंवा इतर प्राण्यांना त्या पदार्थाचे वाढते डोस बरेच दिवस देतात. ज्या डोसपर्यंत काहीही वाईट परिणाम दिसत नाही तो धरतात आणि साधारणपणे त्याला १०० ने भागतात. उंदीर आणि माणूस वेगळे, म्हणून एक १०. माणसामाणसांत फरक, लहान मूल, म्हातारं, आजारी, म्हणून आणखी एक १०. जे उरतं ती 'रोजची मात्रा'. ती शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम अशी सांगतात, आणि अर्थ असा की इतकं तुम्ही जन्मभर, रोजच्या रोज खाल्लं तरी चिंता नको.

यातले दोन शब्द घट्ट धरून ठेवा: जन्मभर आणि रोज. सारंगखेड्याच्या यात्रेत पोराने एका दिवशी तीन रंगीत गोळे चाटले आणि मात्रा ओलांडली, तर त्याने काही आभाळ कोसळत नाही. तोच पोरगा वर्षभर रोज ओलांडत असेल, तर १०० ने भागून ठेवलेली जी राखीव जागा आहे ती खाल्ली जाते. मात्रा म्हणजे कड्याची धार नव्हे, की अलीकडे ठीक आणि पलीकडे खड्डा.

आणि हे आकडे बदलतात. सोडियम बेन्झोएट, म्हणजे सरबतं आणि सॉस टिकवणारा २११ नंबरवाला, त्याची मात्रा कितीतरी वर्षं दर किलोमागे ५ मिलिग्रॅम होती. २०२१ मध्ये या समितीने नवी माहिती तपासून ती २० केली. युरोप मात्र ५ वरच आहे. एकाच वस्तूला दोन शहाण्या समित्या दोन आकडे देतात, यात कट शोधायचं कारण नाही. पुरावा कसा तोलायचा याबद्दल त्यांचं मत वेगळं पडतं, इतकंच.

गणित एका ओळीचं

पदार्थात किती मिलिग्रॅम, गुणिले तो पदार्थ किती खाल्ला, भागिले खाणाऱ्याचं वजन. असे सगळे पदार्थ मिळून बेरीज. आलेलं उत्तर रोजच्या मात्रेशी ताडून बघायचं. सातवीतल्या पोराला जमेल.

गंमत अशी, की या तिन्हीपैकी एकही आकडा सरळ हाती लागत नाही. पाकिटावर अ‍ॅडिटिव्हचं नाव किंवा नंबर असतो, प्रमाण नसतं. सुट्ट्या मालावर तेवढंही नसतं. कोण किती खातं, हे खाणाऱ्यालाच नीट आठवत नाही. वजन तेवढं मोजता येतं, पण सर्वेक्षणाच्या कागदावर पुष्कळदा सरसकट ६० किलोचा मोठा माणूस धरलेला असतो.

म्हणून अंदाज. आणि अंदाज कसा बांधावा हे ज्याला बघायचं असेल, त्याने आमच्याकडच्या लग्नात वरण-बट्टीचा आचारी बघावा. त्याच्याकडे नक्की आकडा कधीच नसतो. यजमान म्हणतो पाचशे पान, आचारी मनात साडेसहाशे धरतो. सरासरी माणूस चार बट्ट्या खातो हे त्याला ठाऊक असतं, पण पंगतीत सरासरी माणूस कधी बसत नाही. दोनवर हात धुणारी आजी बसते आणि अकरा रिचवणारा मामाही. आचारी त्या मामासाठी रांधतो. अ‍ॅडिटिव्हचा हिशोब करणारेही मुद्दाम जास्तीचंच धरतात आणि सगळ्यात जास्त खाणाऱ्याकडे बघतात. शंभर माणसं कमी-जास्त खाण्याप्रमाणे ओळीत उभी केली, तर पंचाण्णवाव्या माणसाचा आकडा काय, हे विचारतात. सरासरी सुरक्षित निघाली म्हणून ते फाइल बंद करत नाहीत.

अंदाजाच्या पायऱ्या

सगळ्यात ढोबळ पद्धत: देशात तो पदार्थ वर्षभरात किती विकला गेला ते घ्या आणि लोकसंख्येने भागा. पण मग ज्यांनी कधी त्या वस्तूला हात लावला नाही तेही भागाकारात येतात आणि आकडा पार पातळ होतो. स्वादासाठी घालायच्या द्रव्यांसाठी म्हणूनच समिती एक युक्ती करते. विकला गेलेला सगळा माल देशातल्या फक्त दहाव्या हिश्श्याच्या लोकांनीच खाल्ला असं धरते. खोटं आहे, पण जास्तीच्या बाजूने खोटं आहे. अशाने पास झालेला पदार्थ खऱ्या हिशोबातही बहुधा पासच होतो.

दुसरी पद्धत डेन्मार्कमधून १९६० च्या दशकात आली. माणूस खाऊन खाऊन खाईल किती? वजनाच्या दर किलोमागे ५० ग्रॅम अन्न आणि १०० मिलिलीटर पेय, यापलीकडे जाणं कठीण, असं धरायचं. ६० किलोच्या माणसाला हे ३ किलो जेवण आणि ६ लीटर पेय होतं. यातला काही हिस्सा अ‍ॅडिटिव्हवाला धरायचा आणि त्यात कायद्याने परवानगी दिलेलं सगळ्यात जास्त प्रमाण आहे असं मानायचं. इतकं फुगवूनही उत्तर मात्रेच्या आत आलं, तर पुढे खर्च करून तपासायची गरज उरत नाही. बाहेर गेलं तर लगेच घाबरायचं नाही, पुढच्या पायरीवर जायचं.

पुढची पायरी म्हणजे खरोखर लोकांना विचारणं. भारतात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या देखरेखीखाली १९७२ पासून बरीच वर्षं अशी आहार-सर्वेक्षणं झाली. घरी यायचं, ठरावीक मापाच्या वाट्यांचा संच पुढे मांडायचा आणि विचारायचं, 'बाई, काल सकाळपासून काय काय खाल्लं? वरण कोणत्या वाटीएवढं?' भाकरी, वरण, भाजी यासाठी ही पद्धत चांगली. पण अ‍ॅडिटिव्ह नेमका जिथे असतो तिथेच ती आंधळी होते. पोराने मधल्या सुट्टीत पाच रुपयांच्या बोटात घालून खायच्या पिवळ्या नळ्या घेतल्या, हे आईला माहीत नसतं. पोराला विचारलं तर ते आधी आईकडे बघतं आणि मग 'काही नाही' म्हणतं.

म्हणून अजून पुढच्या पायऱ्या. बाजारातून माल आणून, घरी करतात तसाच शिजवून, प्रयोगशाळेत तपासायचा. काही ठिकाणी तर घरातल्या माणसाने जे जे खाल्लं त्याचं तसंच दुसरं ताट डब्यात भरून घेतात. आणि फ्रान्समध्ये २००९ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे. त्यात लाखावर लोक आपण काय खाल्लं ते कंपनीच्या नावासकट नोंदवतात, म्हणजे 'बिस्कीट' इतकंच न लिहिता कोणतं बिस्कीट. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, कारण एकाच नावाच्या दोन बिस्किटांत एकात चार अ‍ॅडिटिव्ह असतात आणि दुसऱ्यात एकही नसतो.

काही पदार्थांना तर जबाब घ्यायलाच नको. सॅकरिन आणि एसेसल्फेम हे साखरेऐवजी वापरायचे गोडवे शरीरात मोडत नाहीत, जवळजवळ जसेच्या तसे लघवीतून बाहेर पडतात. चोवीस तासांची लघवी गोळा केली की हिशोब पक्का. रंगांच्या बाबतीत इतकं नशीब नाही.

एक चिमूट जवळून बघू

भारतात २०११ च्या नियमावलीने खाण्यात आठ कृत्रिम रंगांना परवानगी दिली: टारट्राझिन, सनसेट यलो, कारमोइसिन, पॉन्सो ४आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कारमाइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. तेही मोजक्याच पदार्थांत. मिठाई, आइस कँडी, सरबत अशांत चालतात. हळद, तिखट, डाळ यांत अजिबात नाही. आणि मर्यादा बहुतेक ठिकाणी किलोमागे १०० मिलिग्रॅम.

१०० मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग. हलवायाच्या दुकानातल्या काट्यावर तो उमटतसुद्धा नाही. आणि तो काट्यावर ठेवतोच कुठे? डबी उघडायची, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत रंग घ्यायचा, पाकात सोडायचा, रंग बघायचा, फिका वाटला तर पुन्हा चिमूट. समजा त्या चिमटीत अर्धा ग्रॅम शुद्ध रंग आला. पाच किलो मालात तो पडला तर नियमात बरोब्बर बसला. तोच एक किलोत पडला तर नियमाच्या पाचपट. कायदा मिलिग्रॅममध्ये लिहिलेला आहे आणि अंमलबजावणी चिमटीत होते. त्यात डबीतली पूड सगळी रंगच असते असंही नाही, मीठही मिसळलेलं असतं, आणि दोन डब्यांत ते सारखं नसतं. म्हणजे गणितातला पहिला आकडा हलवायालाच माहीत नाही, तर तुम्हाला-मला कुठून कळणार?

आता तो पोटात नेऊ. पाच वर्षांचं, १८ किलोचं मूल घ्या.

पिवळा टारट्राझिन: मात्रा दर किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला दिवसाला १८० मिलिग्रॅम. नियमातल्या मिठाईतून इतका रंग जायला त्याला रोज १ किलो ८०० ग्रॅम मिठाई खावी लागेल. नाही जमणार. पाचपट चिमूट पडलेली असेल तर ३६० ग्रॅम पुरतात. तरी रोज एवढं कोण देतं?

आता लाल एरिथ्रोसिन: याची मात्रा दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, टारट्राझिनचा शंभरावा हिस्सा. या मुलाला दिवसाला १.८ मिलिग्रॅम. अगदी नियमात बनवलेली, किलोला १०० मिलिग्रॅमवाली वस्तू असली तरी १८ ग्रॅममध्ये मात्रा संपली. १८ ग्रॅम म्हणजे दोन-तीन चमचे टुटीफ्रुटी. (ही टुटीफ्रुटी म्हणजे रंगवलेली कच्ची पपईच. शहाद्याकडे पपई कुठून कुठवर पसरलीय ते पाहिलेल्यांना नवल वाटायचं नाही.) तोच लाल कारमोइसिनने आणला असेल तर मात्रा किलोला ४ मिलिग्रॅम, आणि मुलाला ७२० ग्रॅमपर्यंत सवलत. डोळ्यांना दोन्ही लाल सारखेच. फरक चाळीस पटींचा.

म्हणून 'रंग वाईट' किंवा 'रंग ठीक' ही दोन्ही वाक्यं माझ्या लेखी निरर्थक आहेत. कोणता रंग, हे आधी.

हा नुसता कागदी खेळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या मुलांचं खाणं आणि त्यातले रंग तपासले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काही मुलांच्या पोटात जाणारे तीन रंग मात्रेबाहेर निघाले: टारट्राझिन, सनसेट यलो आणि एरिथ्रोसिन. सगळ्या मुलांच्या नव्हे, काहींच्या. पंगतीतला तो मामा, पण वय वर्षं पाच.

मग अमेरिकेने एरिथ्रोसिन काढला तो याच हिशोबाने?

नाही, आणि हे मजेशीर आहे. अमेरिकेत रंगांसाठी १९६० चा एक नियम आहे: माणसात किंवा प्राण्यात कॅन्सर करतो असं दिसलेला रंग खाण्यात घालायचा नाही. त्यात 'किती' हा प्रश्नच नाही. एरिथ्रोसिनचे मोठे डोस दिलेल्या नर उंदरांत गाठी दिसल्या होत्या. त्या ज्या हार्मोनच्या वाटेने होतात ती वाट माणसात तशी चालत नाही, हे अमेरिकी प्रशासनाने आदेश काढतानाच सांगितलं. तरी नियम तो नियम, म्हणून काढला, आणि खाद्य कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत वेळ दिला.

तेव्हा 'अमेरिकेत कॅन्सर सिद्ध झाला' हा निरोप चूक. आणि 'अमेरिकेचा नियमच बावळट, म्हणून रंग बिनधास्त खा' हेही चूक, कारण आपल्या १८ ग्रॅमच्या गणिताला त्या नियमाशी काही देणंघेणं नाही.

खान्देशात हिशोब कुठे वेगळा पडतो?

पहिलं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो. जास्तीत जास्त किती प्यायलं जाईल याचे मूळ अंदाज थंड देशांत बांधलेले. आमच्याकडे दुपारी बारा ते पाच माणूस पितच असतो: पाणी, ताक, उसाचा रस, आणि गाडीवरचं लाल-हिरवं सरबत, पोरांच्या हातात गारेगार. समजा एखाद्या पेयात लीटरला १५० मिलिग्रॅम बेन्झोएट आहे. २० किलोच्या मुलाला युरोपच्या मात्रेने १०० मिलिग्रॅम चालतं, म्हणजे पाऊण लीटरच्या आतच संपलं. जागतिक समितीच्या नव्या मात्रेने ४०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच लीटरच्या पुढे. थंडीत हा प्रश्न उरतच नाही. म्हणजे डिसेंबरात केलेलं सर्वेक्षण मे महिन्याबद्दल काहीही सांगत नाही.

दुसरं वजन. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कमी वजनाची मुलं आहेत हे नंदुरबारात कोणाला सांगायला नको. पाच वर्षांचं मूल १८ च्या जागी १३ किलोचं असेल, तर पाच रुपयांचा तोच पुडा त्याला साधारण १.४ पट डोस देतो. भागाकारात खालचा आकडा लहान झाला की उत्तर मोठं होतं, दुसरं काही नाही. कुपोषणाच्या चर्चेत हे मी कधी ऐकलेलं नाही. तिथे पुड्याबद्दल बोलणं होतं ते पोट भरत नाही म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण भागाकारही आहे.

तिसरं सुट्टा माल. आठवडी बाजारात शेव, बुंदी, रंगीत बडीशेप, नळ्या पोत्यातून आणि परातीतून विकल्या जातात. पाकीट नाही, म्हणून नंबर नाही, म्हणून फ्रान्ससारखा कंपनीवार हिशोब नाही.

आणि चौथं, ज्याकडे कोणाचं लक्ष नसतं: गूळ. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक माहेरी येते, खापरावरची पुरणपोळी होते, गूळ किलोवारी लागतो. पिवळाधम्मक गूळ दिसला की समजावं, हायड्रोसची, म्हणजे गूळ उजळ करायच्या रासायनिक पुडीची, करामत असण्याची शक्यता. त्यातून गुळात सल्फाइट उरतं, ज्याची मात्रा दर किलोला ०.७ मिलिग्रॅम. आपल्या १८ किलोच्या मुलाला दिवसाला साडेबारा मिलिग्रॅम. समजा गुळात किलोला ७० मिलिग्रॅम आहे, तर १८० ग्रॅम गूळ लागेल. २०० असेल तर साठेक ग्रॅम पुरतील, आणि तेवढा एका पुरणपोळीच्या जेवणात सहज जातो. मात्र पुरण शिजताना सल्फाइटचा बराचसा वायू उडून जातो, म्हणून कच्च्या गुळाचा आकडा पुरणाला लावायचा नसतो. चांगल्या हिशोबात ही घटही धरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ती कोणी धरत नाही.

'काही व्हत नही भो, आम्ही लहानपणापासून खातोय'

हा आमच्याकडचा सगळ्यात आवडता युक्तिवाद. लहानपणी गोळा यात्रेत मिळायचा, वर्षातून दोनदा. आता पुडा शाळेच्या फाटकासमोर रोज मिळतो. पदार्थ तोच, पण 'किती वेळा' बदललं, आणि मात्रा तर 'रोज' या शब्दावर उभी आहे.

याच्या उलट टोकाची मंडळीही आहेत, ज्यांना डाएट कोल्ड्रिंकचा एक घोटही विषासारखा वाटतो. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग विभागाने अस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' म्हटलं तेव्हा मोठा गलका झाला. त्याच दिवशी मात्रा ठरवणाऱ्या समितीने मात्र ४० मिलिग्रॅमचा जुना आकडा कायम ठेवला. एक समिती विचारते 'कॅन्सर होऊ शकतो असा पुरावा कितपत आहे', दुसरी विचारते 'किती खाल्ल्यावर'. संघटनेनेच उदाहरण दिलं होतं: ७० किलोच्या माणसाने, इतर कशातून अस्पार्टेम जात नाही असं धरून, दिवसाला ९ ते १४ कॅन प्यायले तर मात्रा ओलांडेल.

'एकेक ठीक, पण सगळे मिळून काय?'

हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पोटात एकटा टारट्राझिन जात नाही. सोबत सनसेट यलो असतो, बेन्झोएट असतं, कसलं तरी घट्टक असतं. मात्रा मात्र एकेकाची ठरते. एकाच घराण्यातल्या पदार्थांची, जसं सगळी बेन्झोएट्स किंवा सगळी सल्फाइट्स, मिळून एक मात्रा धरतात. वेगवेगळ्या घराण्यांची बेरीज अजून नीट होत नाही.

२००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने मुलांना काही रंगांचं मिश्रण बेन्झोएटसह दिलं आणि त्यांच्या चंचलपणात वाढ दिसल्याचं सांगितलं. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि कोणत्या घटकामुळे झाला ते त्यातून कळत नव्हतं. युरोपच्या तज्ज्ञांनी त्यावरून मात्रा बदलल्या नाहीत. पण २०१० पासून तिथे त्या सहा रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो' असं छापावं लागतं. बऱ्याच कंपन्यांनी छापण्याऐवजी रंगच बदलला. त्या सहात टारट्राझिन, सनसेट यलो, कारमोइसिन आणि पॉन्सो ४आर आहेत, म्हणजे आपल्या आठातले चार.

'सरकारची परवानगी आहे ना, मग झालं'

परवानगी देताना एक अंदाज धरलेला असतो: इतकं घालतील, इतकं खातील. घालणाऱ्याने चिमूट वाढवली किंवा खाणाऱ्याने पुडे वाढवले, की परवानगीच्या खालचा अंदाज हलतो. अन्न व औषध प्रशासन नमुना घेतं तेव्हा पहिल्या आकड्याची तपासणी होते. दुसऱ्या आकड्याचा नमुना कोणी घेत नाही.

घरी किती मोजायचं?

मिलिग्रॅमचा हिशोब घरी होणार नाही, त्याच्या नादी लागू नका. पाकिटावर मात्र तीन गोष्टी बघता येतात. 'परवानगीप्राप्त कृत्रिम रंग' असल्याचा उल्लेख आहे का. असेल तर नंबर कोणता: १०२ टारट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कारमोइसिन, १२४ पॉन्सो, १२७ एरिथ्रोसिन. आणि आठवड्यातून किती वेळा. ६२१ वरून घरात भांडण काढण्यापेक्षा १२७ आणि १२४ शोधणं जास्त कामाचं. सुट्ट्या मालात नंबर नसतो, तिथे मुलाची जीभ बघा. लाल-हिरवी झालेली जीभ संध्याकाळपर्यंत तशीच राहत असेल तर चिमूट मोठी असण्याची शक्यता. हळद-तिखटात मात्र वरून घातलेला रंग नकोच, तिथे प्रमाणाचा प्रश्नच नाही. नंदुरबारच्या बाजारातून आख्खी मिरची आणून डोळ्यांसमोर दळून घेतली की काम झालं.

आणि गूळ घेताना पिवळ्या ढेपेकडे बोट न दाखवता काळपट ढेप मागा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघेल, मग मागच्या रांगेतून काढून देईल.